लाल दिव्याला थांबलेला माणूस

मंगळवार, ९ जुलै

माझ्या सायकलला घंटा आहे. हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पोलिसांच्या कागदात ‘घंटा : चालू नाही’ असे लिहिले आहे आणि ते धादांत असत्य आहे. घंटा चालू आहे. फक्त तिची कळ डाव्या बाजूने, अंगठ्याच्या मुळाने, किंचित उचलल्यासारखी करून दाबावी लागते. इतक्या वर्षांत तिने मला दगा दिलेला नाही. परक्या माणसाने उभ्याउभ्या एक टिचकी मारायची, ती वाजली नाही की शेरा लिहून मोकळे व्हायचे, याला परीक्षण म्हणत नाहीत. एखाद्या ऋचेचा अर्थ आपल्याला लागला नाही म्हणून ती ऋचा निरर्थक ठरत नाही, हे मी संस्कृतच्या पहिल्या सत्रातल्या मुलांनाही शिकवतो. या वाक्यावर मी हरकत घेणार आहे.

बाकीचा कागद किरकोळ आहे. रक्तात दर हजारी १.७२ इतके मद्य, त्या अवस्थेत सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणे, वगैरे.

झाले ते असे. काल आमच्या या जर्मन खेड्यातल्या नेमबाज मंडळाच्या उत्सवाचा शेवटचा दिवस. सकाळची प्रार्थना आटोपून सगळे मैदानावर गेलो. तिथे उंच खांबावरचा लाकडी पक्षी गोळ्या घालून फोडायचा. शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीने खाली येईल तो वर्षभराचा राजा. यंदा आमचा शेजारी हाइनर श्टेगेमान राजा झाला. राजाने सगळ्यांना पाजायचे हा नियम आहे, आणि नियम म्हटले की मी तो पाळतो. असे होणार हे ठाऊक असल्यामुळेच मी मोटार घरी ठेवून सायकल नेली होती. सुज्ञ नागरिक याहून अधिक काय करतो ते मला समजत नाही.

परतताना लख्ख दुपार. गावात एकच सिग्नल आहे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. दिवा लाल होता. मी थांबलो.

तिथेच घात झाला. चालती सायकल आपला तोल आपण सांभाळते. थांबलेलीचा तोल माणसाने सांभाळायचा असतो. मी टेकवलेला पाय दगडी कडेवरून घसरला आणि आम्ही दोघे, मी आणि सायकल, अत्यंत सावकाश आडवे झालो. मागे गस्तीची गाडी होती. फ्राउ लेन्फर्स नावाची पोलीस, वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, धावत आली आणि कुठे लागले का म्हणून विचारू लागली. मी पडल्यापडल्या सांगितले की लागलेले नाही, दिवा हिरवा झाला की निघतोच. मग तिने जरा वाकून श्वास घेतला.

इस्पितळात रक्त काढून होईपर्यंत ती माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, ‘‘तुम्ही थांबला नसतात ना, तर आम्ही तुम्हाला ओलांडून पुढे गेलो असतो.’’ तिच्या मते हे सांत्वन असावे.

हाइनर स्वतःच्या मोटारीतून शेतातल्या वाटेने घरी गेला. त्या वाटेवर दिवा नाही.

 माझी बायको गुड्रून हिने गुडघ्याला मलम लावून दिले. तिला आताशा समोरचे, अगदी मधोमधले दिसत नाही, कडेकडेचे दिसते. त्यामुळे बरेचसे मलम पायजम्याला लागले.

शनिवार, १३ जुलै

सकाळी मोटार काढून रिकाम्या बाटल्या पलीकडच्या गावातल्या जुन्या काचेसाठीच्या सार्वजनिक कुंड्यांत टाकून आलो. आमच्या गावातल्या कुंड्या भर वस्तीत, पाववाल्याच्या दुकानासमोर आहेत. बाटली आत पडली की फार आवाज होतो. शेजारपाजारच्या विश्रांतीचा विचार केला पाहिजे.

संध्याकाळी हाइनरच्या अंगणात. त्याच्या मते चिंतेचे कारण नाही. ‘‘सायकल चालवायला लायसन लागतं का? नाही ना? मग सायकलीपायी ते तुझं लायसन काढून घेतीलच कसं, डॉक्टर?’’ युक्तिवाद निर्दोष वाटला. दोन पेल्यांनंतर पुन्हा तपासला, तेव्हाही त्यात छिद्र सापडले नाही.

गुरुवार, १८ जुलै

गुड्रूनला घेऊन म्युन्स्टरच्या दवाखान्यात. महिन्यातून एकदा डोळ्यात सुई घ्यावी लागते. ती घेतली नाही तर कडेचेही दिसणे जाईल असे डॉक्टर म्हणतात. गावातून बस आहे, पण ती जेव्हा जाते तेव्हा दवाखाना बंद असतो आणि जेव्हा येते तेव्हा आम्ही तिथे नसतो. म्हणून मोटार हवी, आणि मोटार म्हणजे मी.

जाताना गुड्रून मागे बसते. दीड-दोन वर्षांपासून मागेच बसते. पुढे बसले की ऊन डोळ्यांवर येते म्हणते. काचही थोडी खाली ठेवते, थंडीतसुद्धा. डोळ्यांच्या रोगात माणसाला अशा लहरी सुचतात.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

न्याय टपालाने आला. न्यायाधीशांनी मला न बघता, न ऐकता दंड ठोठावला आहे. मान्य नसेल तर दोन आठवड्यांत हरकत घ्यावी. दंड अंदाजे महिन्याच्या पगाराएवढा. घंटेविषयीचे वाक्य जसेच्या तसे कायम.

हरकत घ्यायचीच असे ठरवून गुड्रूनला सांगितले.

‘‘घंटेसाठी कोर्टात जाणार तू, श्री?’’

‘‘तत्त्वासाठी.’’

‘‘मग एकदा वाजवून दाखव. मला तरी ऐकू दे.’’

आम्ही पडवीत गेलो. तिसऱ्या प्रयत्नाला वाजली. गुड्रून म्हणाली, वाजली खरी, पण तोवर समोरचा माणूस आपल्या अंगावर आलेला असेल. दंड भरून टाकला.

मंगळवार, १ ऑक्टोबर

हाइनरच्या युक्तिवादातले छिद्र जिल्ह्याच्या वाहतूक कार्यालयाला सापडले.

ते म्हणतात, सायकलीशी आमचे भांडण नाही. पण ज्या माणसाच्या रक्तात इतके मद्य सापडते तो मोटार चालवायला लायक आहे का, अशी शंका आम्हाला येते. शंकानिरसनासाठी वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय परीक्षा द्यावी, अन्यथा परवाना जमा करावा. गावात या परीक्षेला ‘मूर्खांची परीक्षा’ म्हणतात. पाववाल्याची बायको आज मला पाव देताना म्हणाली, ‘‘तुम्हाला काय अवघड, डॉक्टर. तुम्ही तर प्राध्यापक.’’ मी पत्राविषयी कुणालाच सांगितलेले नाही. हाइनरला सांगितले होते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या हेर उपहॉफकडे, म्हणजे आपल्या भाषेत श्रीयुत उपहॉफांकडे, गेलो. शांत गृहस्थ, लोकरी बंडी, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. पहिल्याच भेटीत रडण्याची सोय करून ठेवणारा माणूस मला जरा धाडसी वाटला.

मी माझी बाजू मांडली. मोटार घरी ठेवली होती. डोके ताळ्यावर होते. सायकल कुलपातून काढली, मैदानापासून गावापर्यंत सरळ आलो, लाल दिवा ओळखला, ओस रस्त्यावरही थांबलो. जो माणूस कायदा इतका पाळतो तो नशेत कसा?

त्याने सगळे लिहून घेतले. मग म्हणाला, ‘‘हेर ताम्हनकर, मी एवढं प्यालो तर मला सायकल कुठं लावलीय तेही आठवणार नाही. सायकलीवर बसणं लांबच. तुम्ही कुलूप उघडलंत, सरळ चालवलीत, वर सिग्नल पाळलात.’’

‘‘तेच तर सांगतोय.’’

‘‘मीही तेच सांगतोय. हे एका दिवसात जमत नाही. याला सराव लागतो.’’

मला वर्गातला देवदत्त आठवला. देवदत्त लठ्ठ आहे; देवदत्त दिवसा जेवताना दिसत नाही; त्या अर्थी देवदत्त रात्री जेवतो. याला अर्थापत्ती म्हणतात, आणि ती मी वीस वर्षे शिकवत आलो आहे. दरवर्षी एखादा मुलगा हात वर करून विचारतो, देवदत्ताला काही आजार असेल तर? मी सांगतो, असेल. पण तो दाखवून देण्याची जबाबदारी तुझ्यावर. नाहीतर अनुमान टिकते.

‘‘याला दुसरं काही कारण आहे का तुमच्याकडे?’’ उपहॉफने विचारले.

विचार करून सांगतो म्हणालो. परतीच्या वाटेवर विचार केला. आयुष्यात प्रथमच मला देवदत्ताविषयी सहानुभूती वाटली.

उपहॉफचा सल्ला असा : परवाना आपण होऊन जमा करावा, वर्षभर एक थेंबही घेऊ नये, आणि तो घेतला नाही याचा पुरावा गोळा करावा. पुराव्यासाठी प्रयोगशाळेशी करार करायचा. त्यांचा फोन केव्हाही येतो. आला की दुसऱ्या दिवशी जाऊन, एका माणसाच्या डोळ्यांदेखत, लघवीची बाटली भरून द्यायची.

मी कधीही सोडू शकतो, हे मी त्याला सांगितले. त्याने तेही लिहून घेतले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

परवाना काल जमा केला. त्याची जाणीव आज बाटल्यांनी करून दिली. तळघरातल्या बाटल्या पलीकडच्या गावात नेणार कशा? शेवटी अंगणातली लाकडी हातगाडी काढली. एकट्याने पटकन जाऊन यायचा विचार होता, पण गुड्रून कोट घालून दारात उभी. म्हणाली, चल, माझेही पाय मोकळे होतील.

शनिवारची सकाळ, पाववाल्याकडे रांग. पांढऱ्या काचेची कुंडी वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी. मी एकेक बाटली हात आत घालून शक्य तितकी अलगद सोडत होतो. अलगद सोडली तरी ती पडतेच. धान्याची दारू पांढऱ्या बाटलीतून येते, त्यामुळे पांढऱ्या कुंडीशी मला बराच वेळ लागला. गुड्रून गाडीचा दांडा धरून उभी होती. हल्ली तिला काही पाहायचे असले की ती तोंड बाजूला वळवते, त्यामुळे ती कान देऊन ऐकत असल्यासारखी दिसते.

सगळे संपल्यावर म्हणाली, ‘‘आपल्याकडे पाहुणे बरेच येऊन गेले म्हणायचे.’’

‘‘उत्सवाचं साचलं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘हो. उत्सवाचंच असणार.’’

येताना रिकाम्या गाडीने भरल्या गाडीपेक्षा जास्त आवाज केला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

हवा एकदम गार झाली आहे. हात थरथरतात, लिहिणे कठीण. रात्री घाम येतो, म्हणजे ही थंडी नेहमीची नव्हे. गुड्रून म्हणते बाहेर अठरा अंश आहे. उपहॉफला फोनवर सहज बोललो, तर त्याने लगेच डॉक्टरांकडे जायला सांगितले. गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी येऊन बसायला सांगितले. थंडीसाठी इतके म्हणजे जरा अतीच.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचा पहिला फोन. मी नेमका वर्गात, समासाचे पाठ घेत होतो. फोन करणाऱ्या बाईंना दुसरी वेळ मिळत नाही काय, याची तक्रार कुणाकडे करावी ते शोधतो आहे.

तिथे देखरेखीला हेर व्हेसलिंग. निवृत्त रेल्वे कर्मचारी, हात मागे बांधून भिंतीला टेकून उभे राहतात आणि आरशातून पाहतात. मला काही होईना. ते म्हणाले, घाई नाही, आणि आपल्या शर्यतीच्या कबुतरांविषयी बोलू लागले. एक कबूतर फ्रान्समधून निघून गेल्या वर्षी घरी आलेच नाही, म्हणे, यंदा आले. कुठे होते ते सांगत नाही. त्या कबुतराचा विचार करता करता काम झाले.

हाइनर दर महिन्याला आम्हाला दवाखान्यात पोचवायला तयार झाला आहे. म्हणतो, राजाचं कर्तव्य आहे.

गुरुवार, २६ डिसेंबर

नाताळ. व्हिनेगरातले मांस वाइन घातलेली म्हणून वर्ज्य. मेहुणीचे चॉकलेट आत चेरी-दारू म्हणून वर्ज्य. खोकल्याचे औषध वर्ज्य. बिनदारूची बिअरसुद्धा वर्ज्य, कारण नावाप्रमाणे ती वागत नाही. एकादशीला आई जेवढे खायची तेवढेही मला आता खाता येत नाही. मेहुणी म्हणाली, एका चॉकलेटनं काय होतंय. गुड्रूनने तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि सगळी चॉकलेटे स्वतः खाल्ली, एकामागून एक. तिला चेरी आवडत नाही.

गुरुवार, २० मार्च

जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी हाइनर फाटकाशी गाडी घेऊन उभा, इंजिन चालू. गुड्रून मागे बसली, पट्टा लावला, काच खाली केली. मी पुढचे दार उघडले आणि तसाच थांबलो. पूर्वी या वासाचे मला काही वाटले नसते, किंबहुना तो आला नसता. पण मधल्या महिन्यांत नाकाची सवय मोडली आहे.

‘‘हाइनर, तू प्यायलायस.’’

‘‘कालचं आहे रे. रात्रभर झोपलोय की.’’

हे वाक्य माझ्या परिचयाचे होते. त्यातला शब्दन् शब्द मी ओळखत होतो.

‘‘किल्ली दे.’’

‘‘आणि चालवणार कोण? तू?’’

प्रश्न रास्त होता. टाकी भरलेली गाडी, तीन प्रौढ माणसे. एकाला दिसत नाही, एकाजवळ परवाना नाही, आणि एक प्यायलेला. मी तरी हात पुढे करूनच उभा राहिलो. हाइनरचा चेहरा लाल झाला. म्हणाला, ‘‘इतके महिने नेतोय-आणतोय, आणि आता तू मला शहाणपणा शिकवणार? उभ्या सायकलीवरनं पडणारा तू?’’

मग गुड्रून पट्टा सोडून खाली उतरली.

‘‘त्याला कशाला बोलतोस, श्री. तुझ्या गाडीतही मी अशीच बसायचे. मागे, काच खाली करून.’’

‘‘ऊन लागतं म्हणून,’’ मी म्हणालो.

‘‘माझे डोळे गेलेत. नाक नाही.’’

ती हे चिडून म्हणाली नाही. बस किती वाजता आहे ते सांगावे तसे म्हणाली. हाइनरने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. तिघेही तिथे उभे होतो आणि कुणालाच काही चालवता येत नव्हते. थोड्या वेळाने हाइनर गाडी तिथेच टाकून घरी चालत गेला. किल्ली माझ्या हातात राहिली.

शेजारच्या शहरातून टॅक्सी मागवली. दवाखान्यात उशीर झाला, पण सुई मिळाली.

टॅक्सीत गुड्रून पुढे बसली. ऊन होते.

शुक्रवार, २१ मार्च

सायकलची घंटा उघडून पाहिली. आतली स्प्रिंग तुटलेली आहे. कडा गंजलेल्या आहेत, म्हणजे तुटून बरीच वर्षे झाली असावीत. नवी घंटा आणली.

किल्ली हाइनरच्या पत्रपेटीत टाकली. त्याने गाडी केव्हा नेली ते पाहिले नाही.

मंगळवार, १३ मे

हाइनर बोलत नाही. कुंपणापलीकडे गवत कापतो, मी दिसलो की यंत्राचा आवाज वाढवतो. दवाखान्याला टॅक्सी. गुड्रून ड्रायव्हरशी सगळा रस्ताभर गप्पा मारते. ती इतकी बोलते हे मी विसरलो होतो. किंवा ती माझ्या गाडीत बोलत नसे, हे विसरलो होतो.

सोमवार, ७ जुलै

पुन्हा उत्सव. न जाण्याचा विचार होता, पण मंडळाचा गणवेश घालून घरी बसलेला माणूस चमत्कारिक दिसतो. हाइनरने आज राजाची साखळी नव्या राजाला दिली. माझ्याकडे पाहिले नाही.

नवा राजा पाजत होता. कुणीतरी सवयीने एक पेला माझ्या हातात ठेवला. मी तो परत केला नाही, करणारच होतो. लोक गाणी म्हणत होते, ऊन चांगले होते, पेला बराच वेळ हातात होता आणि गारही होता. एवढ्यात खिशात फोन वाजला. प्रयोगशाळेच्या बाई. उद्या सकाळी यावे. पेला बाकावर ठेवून मी कोपऱ्यात जाऊन बोललो, आणि परत येईपर्यंत तो कुणीतरी उचलला होता.

या बाई वेळ साधण्यात निष्णात आहेत. माणसाला वर्षातून एक दिवस उत्सवातही उभे राहू देत नाहीत. करार संपला की मी पहिले पत्र त्यांच्याविरुद्ध लिहिणार आहे.

येताना सायकल हातात धरून चालत आलो. दिवा लाल होता. थांबलो. घंटा वाजवून पाहिली. पहिल्या खेपेला वाजली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मूर्खांची परीक्षा झाली.

आधी यंत्रापुढे बसवून रंगीत दिव्यांना बटणे दाबायला लावली. मग डॉक्टरने यकृत चाचपले. मग मानसशास्त्रज्ञ फ्राउ डॉक्टर निहुएस, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. प्रयोगशाळेचे सगळे निकाल स्वच्छ होते. उपहॉफने माझी उत्तरे घासूनपुसून घेतली होती. मी का पीत होतो याची तीन कारणे, सोडल्यावर काय बदलले याची चार उदाहरणे, मोह झाला तर काय करायचे याचा आराखडा. अर्थापत्ती मी त्यांना स्वतःहून समजावून दिली. त्यांना देवदत्त आवडला.

मग त्यांनी विचारले, ‘‘त्या सायकलीच्या दिवसाखेरीज, पिऊन मोटार चालवलीत कधी?’’

याचेही उत्तर तयार होते. क्वचित, अंदाज चुकल्यामुळे, असे काहीसे. ते आलेच नाही.

‘‘बायकोला डोळ्यांच्या दवाखान्यात नेताना,’’ मी म्हणालो.

‘‘कधीपासून?’’

‘‘ती मागे बसायला लागली त्याच्याही आधीपासून असणार.’’

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि बराच वेळ लिहिले. नंतर विचारले, पुन्हा असे होणार नाही कशावरून? मी आराखडा सांगितला. त्यांनी मान हलवली. उत्तर चांगले होते. मीच तयार केले होते.

शुक्रवार, १२ डिसेंबर

उत्तीर्ण. आज कार्यालयातून परवाना घेऊन आलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘‘जपा आता.’’ कार्डावर नवा फोटो. त्यातला मनुष्य बारीक आणि जरा ओशाळलेला आहे.

गुड्रूनने कार्ड हातात घेतले, तोंड बाजूला वळवून कडेने पाहिले, मग त्यावरून अंगठा फिरवला. येत्या गुरुवारी तिची सुई आहे. टॅक्सीवाल्याला नको म्हणून कळवायचे का, असे मी विचारले.

‘‘कळव,’’ ती म्हणाली. ‘‘मी पुढे बसेन.’’

रविवार, १४ डिसेंबर

दुपारी फोन वाजला. मी जिन्यावरून जवळजवळ धावत खाली आलो. प्रयोगशाळेच्या बाई असतील असे वाटले. करार संपून महिना होऊन गेला आणि आज रविवार, हे फोन उचलल्यावर आठवले.

हाइनर होता. मार्चनंतर प्रथमच. काही झालेच नव्हते अशा आवाजात बोलला. जानेवारीत मंडळाची कोबीची सहल आहे. गारठ्यात रानातून चालायचे, शेवटी खानावळीत हिरवी कोबी आणि सॉसेज खायचे, आणि वाटेत पिण्याचे सामान लाकडी हातगाडीतून ओढत न्यायचे. त्याच्या गाडीचे चाक मोडले आहे.

‘‘तुझी हातगाडी घेऊ ना, डॉक्टर? तूही ये. तू नसलास की चालताना कुणाची टिंगल करायची तेच सुचत नाही.’’

मी म्हणालो येतो. मला खरोखर बरे वाटले.

‘‘तुझ्यासाठी सफरचंदाचा रस ठेवतो,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘पण एखादा चालेल ना आता? कार्ड तर मिळालं.’’

मी म्हणालो, बघू.

फोन ठेवून इथे येऊन बसलो आहे. ‘नाही’ म्हणता आले असते. उपहॉफसमोर मी ते निदान दहा वेळा म्हणून दाखवले आहे. आराखड्यात ते पहिल्याच ओळीत आहे. तोंडातून ‘बघू’ निघाले, आणि तेही सहज, विचार न करता.

प्रयोगशाळेचा फोन आता कधीच येणार नाही. त्यांच्याविरुद्ध मी पत्र लिहिले नाही. वर्षभर मी दारू सोडली होती की नुसता त्या फोनला भीत होतो, हे मला ठाऊक नाही. परीक्षेत तेवढे कुणी विचारले नाही.

गुरुवारी गुड्रून पुढे बसणार आहे. मला भीती वाटते ती एवढीच, की एक दिवस ती काही न बोलता पुन्हा मागे जाऊन बसेल, आणि मी इथे लिहीन की तिला ऊन लागते.